एक हजार मीटर : माँट्रियल १९७६ आणि अर्ध्या अंतराची गोष्ट

जुलै १९७६. कॅनडातील माँट्रियल शहर, सेंट लॉरेन्स नदीतील नोत्र-दाम बेट आणि त्या बेटावर ऑलिम्पिकसाठी खोदलेला सरळ रेषेतला जलमार्ग. एकट्याने वल्हवायच्या नौकेच्या दोन अंतिम शर्यतींचे निकाल शेजारी ठेवून पाहा. पुरुषांत फिनलंडचा पेर्टी कार्पिनेन पहिला, वेळ ७ मिनिटे २९.०३ सेकंद. स्त्रियांत पूर्व जर्मनीची क्रिस्टीने शाइब्लिश पहिली, वेळ ४ मिनिटे ०५.५६ सेकंद.

पाणी एकच, नौकेचा प्रकार एकच, दोघांमध्ये एका दिवसाचे अंतर. मग स्त्रीची वेळ तीन मिनिटांहून अधिक कमी कशी?

उत्तर सोपे आहे. पुरुषांची शर्यत २००० मीटरची होती, स्त्रियांची १००० मीटरची. प्रत्येक ५०० मीटरला लागलेली सरासरी वेळ काढली तर कार्पिनेनची १ मिनिट ५२ सेकंद भरते आणि शाइब्लिशची २ मिनिटे ३ सेकंद. ऑलिम्पिकच्या इतिहासात स्त्रियांच्या नौकानयनाला प्रथमच प्रवेश मिळाला तो असा, अर्ध्या अंतराने. आजचा धागा या अर्ध्या अंतराविषयी आहे. हे अंतर कोणी ठरवले, कशाच्या आधारावर ठरवले, आणि त्यातून पुढे काय घडले?

मित्रहो, प्रथम थोडी परिभाषा. नौकानयन म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना दत्तू भोकनळ आठवतो. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा हा सैनिक २०१६ मध्ये रिओला जी शर्यत खेळला, ती ‘सिंगल स्कल्स’. स्कल्स प्रकारात प्रत्येक खेळाडूच्या दोन्ही हातांत एकेक वल्हे असते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे ‘स्वीप’मध्ये, प्रत्येकाकडे एकच मोठे वल्हे असते, कोणाचे डावीकडे, कोणाचे उजवीकडे. काही नौकांत ‘कॉक्स’ असतो. तो वल्हवत नाही, सुकाणू सांभाळतो आणि ताल देतो. सगळे वल्हवणारे पाठमोरे बसतात. ज्या दिशेला जायचे ती त्यांना दिसत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता अंतराकडे वळू. त्यासाठी ॲमस्टरडॅमला, १९२८ सालात जावे लागते.

त्या ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना प्रथमच मैदानी स्पर्धांत भाग घेता आला. ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत नऊ जणी धावल्या. जर्मनीच्या लिना राडकेने २ मिनिटे १६.८ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. तथापि वृत्तपत्रांनी जगाला सांगितले ते निराळेच: स्त्रिया धापा टाकत कोसळल्या, हे दृश्य पाहवत नव्हते, स्त्रीदेहाला हे झेपणारे नाही. शर्यत संपल्यावर धावपटू दमून गवतावर बसतात, पुरुषही बसतात. पण त्या बसण्याचा अर्थ स्त्रियांच्या बाबतीत वेगळा लावला गेला. पुढची बत्तीस वर्षे ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांसाठी २०० मीटरहून लांब धावशर्यत नव्हती. ८०० मीटर परत आले ते १९६० मध्ये, रोमला.

नौकानयनातील पूर्वग्रह याहून सौम्य भाषेत बोलत असे, इतकेच. १९२७ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांच्या स्त्रियांची पहिली नौकास्पर्धा झाली. तिला शर्यत म्हणावे का, हा प्रश्नच आहे. दोन्ही संघ एका वेळी पाण्यात नव्हतेच. एकामागून एक वल्हवायचे, आणि परीक्षकांनी वेळेबरोबर शैलीलाही गुण द्यायचे. विजय ऑक्सफर्डचा झाला. इंग्लंडमधील स्त्रियांच्या क्लबांत त्या काळी अशा शैलीस्पर्धा रूढ होत्या. वल्हे डौलदारपणे पाण्यात घालणारी स्त्री चालत होती. दुसरीला मागे टाकण्यासाठी चेहरा वेडावाकडा करणारी मात्र नको होती.

युरोपीय पातळीवर स्त्रियांना खरी शर्यत मिळाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. आंतरराष्ट्रीय नौकानयन महासंघ ‘फिसा’ १८९२ पासून अस्तित्वात होता, पण साठ वर्षे त्याच्या विजेतेपदांच्या यादीत एकही स्त्री नव्हती. १९५१ ते १९५३ या काळात स्त्रियांच्या चाचणीवजा स्पर्धा झाल्या: फ्रान्समध्ये माकाँ, मग ॲमस्टरडॅम, मग कोपनहेगन. १९५४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या बोसबान जलमार्गावर पहिली अधिकृत युरोपीय स्पर्धा भरली. पाच प्रकार होते. अंतर १००० मीटर.

स्त्री २००० मीटर वल्हवू शकत नाही, असा निष्कर्ष काढणारा कोणता प्रयोग या निर्णयाच्या मुळाशी होता म्हणावे, तर तसे काही नव्हते. पुरुषांच्या अंतराला दोनाने भागले आणि गोल आकडा मिळाला. माझ्या मते हा वैद्यकीय निर्णय नव्हता, कार्यालयीन तडजोड होती: स्त्रियांना घ्यायचे, पण कोणी कोसळल्याची बातमी येऊ द्यायची नाही.

या तडजोडीचा आणखी एक पुरावा माँट्रियलच्या कार्यक्रमपत्रिकेत दडलेला आहे. चौघांनी दोन-दोन वल्ही घेऊन वल्हवायची नौका, ‘क्वाड्रुपल स्कल्स’, १९७६ मध्ये पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी एकदमच ऑलिम्पिकमध्ये आली. पुरुषांच्या नौकेत कॉक्स नव्हता, पाठमोरे बसूनही त्यांनी स्वतःच दिशा सांभाळायची होती. स्त्रियांच्या नौकेत मात्र कॉक्स सक्तीचा. वस्तुतः दोन वल्ह्यांची नौका सरळ ठेवणे एका वल्ह्याच्या नौकेहून सोपे असते. तरीही बायकांबरोबर कोणीतरी वाट दाखवणारे हवेच, हा आग्रह १९८४ पर्यंत टिकला.

१९५४ नंतरची वीस वर्षे या खेळावर पूर्व युरोपचे राज्य होते. आरंभी सोव्हिएत संघ, पुढे पूर्व जर्मनी. याची कारणे राजकीय होती. शीतयुद्धात पदक ही राज्यव्यवस्थेची जाहिरात होती, आणि पदकतालिकेत स्त्रीचे सुवर्ण पुरुषाच्या सुवर्णाइतकेच मोजले जाते. पश्चिमेकडील देश स्त्रियांच्या खेळाकडे छंद म्हणून पाहत असताना पूर्वेकडच्या सरकारांनी हे गणित ओळखले. उंच, लांब हातांच्या मुली शाळांतून हेरायच्या, क्रीडाशाळेत घालायच्या, आणि सरकारी पगारावरच्या प्रशिक्षकांच्या हाती सोपवायच्या.

अमेरिकेचे चित्र याच्या नेमके उलट. फिलाडेल्फियात अर्नेस्टीन बायर यांनी १९३८ मध्ये स्त्रियांचा क्लब उभा केला, कारण पुरुषांच्या क्लबांत त्यांना वल्हे मिळत नव्हते. त्या क्लबची आठजणींची नौका १९६७ मध्ये फ्रान्समधील विशी येथे युरोपीय स्पर्धेत उतरली. त्या मागे पडल्या, पण आपण कोणाशी स्पर्धा करतो आहोत हे त्यांनी प्रथमच डोळ्यांनी पाहिले.

मग दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. १९७२ मध्ये अमेरिकी शिक्षणकायद्यात ‘टायटल नाइन’ हे कलम आले: सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव चालणार नाही. आणि १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लुसर्न येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत स्त्रियांच्या शर्यती प्रथमच झाल्या. पुढच्या वर्षी इंग्लंडमधील नॉटिंगहॅमला हार्वर्डचे प्रशिक्षक हॅरी पार्कर यांनी तयार केलेल्या अमेरिकी आठजणींनी रौप्यपदक जिंकले. पूर्व युरोपच्या भिंतीला ही पहिली मोठी चीर होती.

कायदा आला म्हणजे नळाला गरम पाणी येते असे मात्र नव्हे. येल विद्यापीठाचे बोटहाऊस डर्बी या गावी हूसाटोनिक नदीकाठी होते, आणि विद्यापीठाच्या आवारापासून तिथपर्यंत बसने बराच प्रवास. सरावानंतर पुरुष गरम पाण्याने अंघोळ करत. स्त्रियांसाठी न्हाणीघर नव्हते. कनेक्टिकटच्या हिवाळ्यात घामाने आणि नदीच्या पाण्याने भिजलेले कपडे अंगावर ठेवून त्या बसमध्ये पुरुषांचे आवरण्याची वाट पाहत बसत. मुली आजारी पडत होत्या. तक्रारी झाल्या, आश्वासने मिळाली.

३ मार्च १९७६ रोजी कर्णधार क्रिस अर्न्स्ट आणि तिच्या सहकारी, एकूण १९ जणी, विद्यापीठाच्या क्रीडा प्रशासक जोनी बार्नेट यांच्या कार्यालयात गेल्या. त्यांनी अंगावरचे कपडे उतरवले. छातीवर आणि पाठीवर निळ्या शाईने ‘टायटल नाइन’ लिहिलेले होते. अर्न्स्टने निवेदन वाचून दाखवले. आशय असा की, तुम्ही ज्यांचा वापर करून घेता ती ही शरीरे, ती कशी थिजतात ते पाहा. सोबत विद्यार्थी-वार्ताहर होता. दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये बातमी होती. पुढे बोटहाऊसला स्त्रियांसाठी स्वतंत्र भाग बांधला गेला.

क्रीडाक्षेत्रातील अनेक निषेध मी अभ्यासाच्या निमित्ताने वाचले आहेत. इतक्या थोड्या साधनांत इतका नेमका निषेध क्वचितच आढळतो. ज्या देहाला ‘झेपणार नाही’ असे अर्धशतक सांगितले जात होते, तोच देह त्यांनी पुराव्यादाखल टेबलासमोर उभा केला. त्या १९ जणींपैकी क्रिस अर्न्स्ट आणि ॲन वॉर्नर या दोघी साडेचार महिन्यांनी माँट्रियलच्या ऑलिम्पिक संघात होत्या.

तर आता माँट्रियल. स्त्रियांसाठी सहा शर्यती, पुरुषांसाठी आठ. स्त्रियांच्या अंतिम शर्यती २४ जुलैला.

पूर्व जर्मनीने सहापैकी चार सुवर्णपदके जिंकली आणि उरलेल्या दोन्ही शर्यतींत रौप्य. पुरुषांचेही धरले तर चौदाच्या चौदा शर्यतींत या देशाला पदक मिळाले. लोकसंख्या जेमतेम पावणेदोन कोटी. उरलेली दोन सुवर्णे बल्गेरियाची: दुहेरी स्कल्समध्ये स्वेत्ला ओत्सेतोवा आणि झ्द्राव्का योर्दानोवा, आणि कॉक्सविना जोडीमध्ये सियका केल्बेचेवा आणि स्तोयांका ग्रुइचेवा. या चौघींची नावे इतिहासलेखनात फारशी येत नाहीत. पूर्व विरुद्ध पश्चिम अशी मांडणी एकदा केली की बल्गेरियासारखा देश ‘पूर्व’ या एका शब्दात विरघळून जातो. वास्तविक त्या दिवशी पूर्व जर्मनीला हरवणारे दुसरे कोणीच नव्हते.

एकेरीत शाइब्लिशच्या मागे अमेरिकेची जोन लिंड होती. कॅलिफोर्नियातील लाँग बीचची. वेळ ४ मिनिटे ०६.२१ सेकंद. फरक ०.६५ सेकंदाचा. त्या वेगाने हा फरक पाण्यावर साधारण अडीच-पावणेतीन मीटर होतो, म्हणजे एकेरी नौकेच्या लांबीचा सुमारे एक तृतीयांश. नौकानयनात पदक मिळवणारी ती पहिली अमेरिकी स्त्री ठरली. दिवसाच्या शेवटी आठजणींच्या शर्यतीत अमेरिकेला कांस्य मिळाले. त्या नौकेत ॲन वॉर्नर होती. अनिता डीफ्रान्झही होती. तिने १९८० मध्ये मॉस्को ऑलिम्पिकवरील बहिष्काराविरुद्ध स्वतःच्याच देशाच्या ऑलिम्पिक समितीला न्यायालयात खेचले आणि पुढे ती आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची पहिली स्त्री उपाध्यक्ष झाली.

येथपर्यंत ही प्रवेशाची कथा आहे. आता तिची काळी बाजू.

२००० मीटरची शर्यत सहा ते आठ मिनिटे चालते. ती मुख्यतः दमाची, म्हणजे हृदय आणि फुप्फुसांच्या क्षमतेची परीक्षा आहे. अंतर निम्मे केले की शर्यत तीन-चार मिनिटांत संपते आणि तोल स्नायूंच्या निव्वळ ताकदीकडे झुकतो. सुरुवातीपासून जवळजवळ पूर्ण जोर लावायचा आणि शक्ती संपण्याआधी रेषा गाठायची. स्त्रीदेह नाजूक म्हणून जे अंतर निवडले, त्या अंतराने या खेळात सर्वाधिक मोल आणले ते बळकट, जड स्नायूंना.

आणि १९७४ मध्ये, म्हणजे लुसर्नच्या स्पर्धेच्याच वर्षी, पूर्व जर्मनीच्या राज्यकर्त्या पक्षाने ‘राज्य नियोजन विषय १४.२५’ नावाची गुप्त योजना मंजूर केली. खेळाडूंना, त्यांत अल्पवयीन मुलीही आल्या, ‘ओराल-ट्युरिनाबोल’ हे पुरुषी संप्रेरकाच्या जातीचे औषध पद्धतशीरपणे द्यायचे. निळ्या गोळ्या. अनेकींना ती जीवनसत्त्वे असल्याचे सांगितले जाई. स्पर्धेपूर्वी ठरावीक दिवस गोळ्या बंद करत आणि खेळाडू देशाबाहेर जाण्याआधी क्राइशा येथील प्रयोगशाळेत तपासणी होत असे. माँट्रियल हे स्टेरॉइडची तपासणी झालेले पहिले ऑलिम्पिक. त्यात जे मोजके खेळाडू सापडले, त्यांत नौकानयनातील कोणी नव्हते.

हे सारे उजेडात आले ते बर्लिनची भिंत पडल्यावर. जीवशास्त्रज्ञ वेर्नर फ्रांके आणि माजी थाळीफेकपटू ब्रिगिट बेरेन्डोंक या दांपत्याने लष्करी वैद्यकीय संस्थेतील कागदपत्रे मिळवली. बेरेन्डोंकचे पुस्तक १९९१ मध्ये आले. २००० साली क्रीडासंघटनेचा प्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि वैद्यकीय अधिकारी मानफ्रेड ह्योप्नर यांना न्यायालयाने दोषी ठरवले. शिक्षा झाली, पण ती स्थगित. २००२ मध्ये पीडित खेळाडूंना मदत देण्यासाठी जर्मनीत कायदा करावा लागला, कारण यकृताचे विकार, स्त्रीरोग, नैराश्य असे परिणाम पदकांनंतर कित्येक वर्षे शिल्लक होते.

मग माँट्रियलच्या निकालांचे काय करायचे? इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे दोन मोह टाळावेसे वाटतात. पहिला, योजना सरकारी होती म्हणून प्रत्येक पूर्व जर्मन विजेतीला फसवणूक करणारी ठरवणे. कोणाला काय दिले, कोणाला काय ठाऊक होते, हे व्यक्तीगणिक वेगळे होते. राज्याची योजना सिद्ध झाली म्हणून एखाद्या नावापुढे आरोप सिद्ध होत नाही. दुसरा मोह, निकालपत्र जसे आहे तसे निर्विकारपणे उद्धृत करणे. अधिकृत निकालांत बदल झालेला नाही. म्हणून तो आकडा लिहिताना त्याच्याभोवतीची परिस्थितीही लिहावी लागते, ०.६५ सेकंदाचीसुद्धा.

अर्ध्या अंतराने गोळ्यांना जन्म दिला, असे मी म्हणत नाही. पोहण्यात, गोळाफेकीत, धावण्यात त्या दिल्या जातच होत्या. पण त्यांचा सर्वाधिक लाभ व्हावा अशी शर्यत मात्र त्या अंतराने तयार ठेवली होती. याविरुद्ध जाणारा पुरावाही नोंदवतो. १९८५ मध्ये बेल्जियममधील हाझेविंकल येथील जागतिक स्पर्धेत स्त्रिया प्रथमच २००० मीटर वल्हवल्या, आणि १९८८ मध्ये सोल ऑलिम्पिकमध्येही तेच अंतर आले. तेथे पूर्व जर्मनीने सहापैकी पाच सुवर्णपदके जिंकली. म्हणजे अंतर दुप्पट होऊनही वर्चस्व ढळले नाही. त्यामागे गोळ्यांइतकीच निवडपद्धती, क्रीडाशाळा आणि वर्षभराचा सराव यांचाही वाटा होता. अंतराचा मुद्दा त्यामुळे बाद होत नाही, मात्र तो एकटा पुरेसाही नाही.

सोलमध्ये आणखी एक गोष्ट सहज सिद्ध झाली, जिची चर्चा कोणी केली नाही. सहा अंतिम शर्यती पूर्ण अंतराच्या झाल्या, आणि १९२८ पासून ज्या कोसळण्याची धास्ती बाळगली होती ते काही घडले नाही.

शर्यतींची संख्या समान व्हायला मात्र आणखी तीन दशके लागली. माँट्रियलमध्ये आठास सहा हे प्रमाण होते आणि चाळीस वर्षांनी रिओमध्येही आठास सहाच. टोकियोसाठी पुरुषांची हलक्या वजनगटातील चौघांची शर्यत वगळून स्त्रियांची चौघींची, कॉक्सविना शर्यत परत आणली, तेव्हा कुठे सातास सात झाले. ही शर्यत १९९२ मध्ये बार्सिलोनाला एकदाच खेळवून काढून टाकलेली होती.

भारताविषयी कोणी विचारेल म्हणून लिहितो. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ओडिशाच्या प्रतिमा पुहाना आणि प्रमिला प्रवा मिंझ यांनी कॉक्सविना जोडीत कांस्यपदक मिळवले. ऑलिम्पिकमध्ये मात्र पॅरिस २०२४ पर्यंत एकही भारतीय स्त्री नौकानयनात उतरलेली नाही. पुरुष २००० सालापासून प्रत्येक वेळी उतरले आहेत. आपल्या दत्तूच्या शर्यतीची स्त्रियांची आवृत्ती ऑलिम्पिकमध्ये कोणी भारतीय मुलगी कधी खेळेल, याची वाट पाहणाऱ्यांत मीही आहे.

शेवटी एक तपशील. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधील नौकानयन लाँग बीचच्या मरीन स्टेडियममध्ये ठरले आहे, म्हणजे जोन लिंडच्याच गावी. १९३२ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या या जलमार्गावर आज २००० मीटरची सरळ शर्यत बसत नाही. त्यामुळे अंतर पुन्हा कमी केले आहे: १५०० मीटर, स्त्रियांना आणि पुरुषांनाही.